जुनं अध्यात्मविश्व की नवं? बडोद्यातल्या जिज्ञासूसाठी एक तुलना

बडोद्यातल्या मराठी घरांत पन्नाशी ओलांडलेल्या माणसांच्या बोलण्यात हा विषय हल्ली सारखा येतो. मुलं मार्गी लागली, आता थोडा वेळ आहे, अध्यात्माकडे वळायचंय, पण कुठून सुरुवात करायची? दांडिया बाजारात आणि राजमहाल रोडच्या आतल्या गल्ल्यांत कुणाच्या तरी घरी उपनिषदं वाचली जातात, ज्ञानेश्वरीवर निरूपण चालतं. अलकापुरीपासून गोत्रीपर्यंत वीकेंडची ध्यानशिबिरं, चक्रशुद्धीचे वर्ग, 'कॉस्मिक एनर्जी'ची सत्रं भरतात. घरातली तरुण मंडळी म्हणतात, हे सगळं सोडा आणि मेंदूवरची भाषणं ऐका. तिन्हीकडे बोलणारी माणसं एकच भाषा वापरतात: चैतन्य, ऊर्जा, विश्व. त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं की तिन्हीकडे एकच गोष्ट मिळते, फक्त पॅकिंग वेगळं. तसं नाही. तिन्हींचं विश्वाचं चित्र वेगळं आहे, आणि मुख्य म्हणजे 'हे खरं कशावरून?' या प्रश्नाचं उत्तर तिन्हींकडे वेगवेगळं आहे. निवड करायची ती त्या उत्तरावरून.

जुनं म्हणजे एकच मत, हा समज आधी सोडू

'आपले पूर्वज मानत असत' असं वाक्य कानावर आलं की विचारावं, कुठले पूर्वज? पुराणांत चौदा लोक आहेत: भूः, भुवः, स्वः, महः, जनः, तपः, सत्य हे वरचे सात आणि अतळापासून पाताळापर्यंतचे खालचे सात. मध्ये मेरू पर्वत, भोवती जंबुद्वीप, मग एकेका द्वीपाला वेढणारे खाऱ्या पाण्याचे, उसाच्या रसाचे, तुपाचे, दह्याचे, दुधाचे समुद्र. शेजारच्या जैन कुटुंबाला विचारा. त्यांच्या परंपरेत लोक अनादी आहे, तो कुणी निर्माण केलेलाच नाही. सांख्य दर्शनाच्या आचार्यांनी पंचवीस तत्त्वांत सगळं विश्व मांडलं आणि ईश्वराची गरज धरली नाही. काश्मीरच्या शैवांनी तीच मोजणी छत्तीसपर्यंत नेली. आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त तर शेवटी असं म्हणून थांबतं की ही सृष्टी कुठून आली हे वरून पाहणाऱ्यालाच ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल.

हे मतभेद आपल्या लोकांनी लपवले नाहीत. आठव्या शतकातल्या शांतरक्षित या बौद्ध आचार्याचा 'तत्त्वसंग्रह' हा ग्रंथ म्हणजे त्या काळचा तुलनात्मक आढावाच: एकेका दर्शनाचं म्हणणं मांडायचं आणि तपासायचं. जैन भांडारात जपलेल्या हस्तलिखितावरून तो छापून आला तो आपल्याच शहरात, 1926 साली, गायकवाड ओरिएंटल सीरीजमध्ये. सयाजीराव महाराजांच्या काळात 1915 मध्ये ही ग्रंथमाला सुरू झाली आणि 1927 मध्ये प्राच्यविद्या मंदिर उभं राहिलं. एका बौद्धाचा ग्रंथ जैनांनी जपला आणि मराठी राजाच्या संस्थेनं छापला. 'प्राचीन ज्ञान' या दोन शब्दांत हा सगळा वाद दाबून टाकणाऱ्याकडे माझ्या मते प्राचीन ज्ञान फारसं नसतं.

आकाशाच्या बाबतीतही तेच. इ.स. 499 मध्ये आर्यभटानं पृथ्वी गोल असून स्वतःभोवती फिरते असं लिहिलं आणि ग्रहणाचं कारण सावली हे दिलं. राहू-केतूची गोष्ट तेव्हाही घरोघरी सांगितली जात होतीच. म्हणजे पुराणातला भूगोल गणितानं दुरुस्त करण्याचं काम पंधराशे वर्षांपूर्वी आपल्यातच सुरू झालं होतं.

आकडे जुळवण्याचा मोह

आता विश्वाचं वय. पुराणांच्या हिशेबानं कलियुग 4,32,000 वर्षांचं, चार युगं मिळून 43,20,000, आणि अशी हजार महायुगं म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस: 432 कोटी वर्षं. आजच्या मापनानुसार पृथ्वी सुमारे 454 कोटी वर्षांची आणि विश्व सुमारे 1380 कोटी वर्षांचं. 432 आणि 454 शेजारी ठेवले की सभागृहात टाळ्या पडतात.

टाळी वाजवण्याआधी दोन्ही आकडे आले कुठून ते पाहावं. 454 कोटी हा आकडा उल्का आणि खडकांतल्या युरेनियमचं शिसं होण्याच्या वेगावरून काढला आहे, उद्या मोजमाप सुधारलं तर तो बदलेल. 432 कोटी हा युगांच्या गुणाकारातून आला आहे आणि तो पृथ्वीच्या जन्माची तारीख सांगतच नाही. तो एका फेऱ्याची लांबी सांगतो, आणि असे फेरे किती झाले याला गणतीच नाही. या आकड्याची थोरवी मला वेगळीच वाटते. जगातल्या अनेक ठिकाणी लोक सृष्टीचा काळ काही हजार वर्षांत मोजत होते, तेव्हा आपल्याकडे माणसाचं आयुष्य क्षुल्लक वाटावं इतका मोठा काळ मनात धरायची सवय होती. पुराणकारांना त्यातून वैराग्य शिकवायचं होतं. त्याला भूगर्भशास्त्राचं प्रमाणपत्र लावलं की त्याचा मूळ उपयोग हरवतो आणि भूगर्भशास्त्रही धड होत नाही.

'डार्क एनर्जी म्हणजेच ब्रह्म' हे विधानही असंच. 1998 मध्ये दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांची निरीक्षणं करताना विश्वाचा विस्तार वाढत्या वेगानं होत असल्याचं दिसलं आणि त्याच्या कारणाला ते नाव मिळालं. विश्वाच्या एकूण हिशेबात त्याचा वाटा सुमारे 68 टक्के धरतात. ती समीकरणात बसणारी, मोजता येणारी गोष्ट आहे. उपनिषदांचं ब्रह्म मोजता येत नाही, आणि ते का, हेही उपनिषदांनी सांगून ठेवलंय.

जुन्या विचाराचं खरं बळ

माझी मामेबहीण बँकेतून निवृत्त झाली आणि वर्गाला जाऊ लागली. एकदा तिनं मला अडवून विचारलं, "दादा, आढेवेढे न घेता सांग, तपोलोक आणि सत्यलोक खरंच वर कुठे आहेत का? सयाजीबागेतल्या तारांगणात बसले तर त्या घुमटावर कुठे दिसतील?" मी म्हटलं, "घुमटावर नाही दिसणार. पण तू ज्या जागेवर बसून घुमट बघतेस, तिथून शोध सुरू कर."

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य पत्नी मैत्रेयीला विचारतात: विज्ञातारमरे केन विजानीयात्, जो सगळं जाणतो त्याला कशानं जाणावं? दुर्बीण कितीही मोठी केली तरी तिच्यातून पाहणारा तिच्या समोर येत नाही. विश्वाचा शोध पाहणाऱ्याच्या दिशेनं वळवणं, ही उपनिषदांची खरी झेप. मांडूक्य उपनिषद अवघ्या बारा मंत्रांचं आहे. त्यात जागृती, स्वप्न आणि गाढ झोप या रोजच्या तीन अवस्था घेतल्या आहेत आणि तिन्हींत जो टिकून राहतो त्याला चौथा म्हटलंय. यात कुठला लोक नाही, समुद्र नाही. रोज रात्री ज्यातून आपण जातो तेच साहित्य घेऊन मांडणी केली आहे.

तैत्तिरीय उपनिषदातली भृगूची कथा मला या विषयाचं सगळ्यात चांगलं पाठ्यपुस्तक वाटते. भृगू वडिलांना, वरुणाला, म्हणतो की मला ब्रह्म शिकवा. वडील व्याख्या देतात: ज्यातून सगळं जन्मतं, ज्याच्यावर जगतं आणि ज्यात परत जातं ते. आणि सांगतात, तप करून शोध. भृगू जातो, परत येऊन म्हणतो, अन्न. वडील 'चूक' म्हणत नाहीत, 'बरोबर'ही म्हणत नाहीत. परत तप कर, एवढंच. मग प्राण, मग मन, मग विज्ञान, आणि शेवटी आनंद. प्रत्येक वेळी मुलाला स्वतःच्या उत्तरातली उणीव स्वतःच दिसावी लागते. पंचकोशांचं जे चित्र आज भिंतीवर पाच रंगीत वर्तुळांत टांगलेलं दिसतं, ते मुळात असं एकेक पायरी चढत अनुभवलेलं आहे. चित्र पाठ करून ते हाती लागत नाही.

आणि हे क्षेत्र कुठे संपतं याची जाणीवही जुन्यांना होती. आद्य शंकराचार्य गीताभाष्यात, अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे, निःसंदिग्धपणे लिहितात की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. श्रुतीला प्रत्यक्षाच्या हद्दीत घुसू न देणारे हे आचार्य आहेत. तेव्हा आजच्या माणसानं द्वीप-समुद्रांचा भूगोल सोडून विश्वाचं वय शास्त्रज्ञांकडून घेतलं, तर त्यात धर्म बुडत नाही. आचार्यांनी आखलेली हद्दच आपण पाळतो.

जुन्या वाटेची अडचणही सांगायला हवी. ती फार हळू आहे. संस्कृत येत नसेल तर मध्यस्थ लागतो, आणि मध्यस्थ चांगला नसेल तर वर्षानुवर्षं नुसतं पाठांतर होतं. काही ठिकाणी अजूनही बाईनं ओंकार म्हणावा की नाही यावर वेळ जातो. ज्या बृहदारण्यकात गार्गी भर सभेत उभी राहून, हे सगळं विश्व कशात ओवलंय असं विचारते, त्याच ग्रंथाच्या वाचनाला बसून हा वाद घालावा याचं मला मनापासून वाईट वाटतं. असा वर्ग सरळ सोडावा, दुसरा शोधावा.

नव्यातले दोन प्रकार

नवं म्हणून जे समोर येतं त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक गोंधळ त्या एकत्र धरल्यानं होतो.

पहिला प्रकार, जुन्या अनुभवाला नव्या काळात तपासून पुढे नेणारा. याची दोन मोठी उदाहरणं बडोद्याचीच आहेत. अरविंद घोष 1893 ते 1906 इथं संस्थानच्या नोकरीत होते. दांडिया बाजारातलं अरविंद निवास आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ते इंग्लंडात शिकलेले, विज्ञानयुगात वाढलेले. 1908 च्या जानेवारीत ते परत बडोद्याला आले असताना विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर सरदार मुजुमदारांच्या वाड्यात तीन दिवस ध्यानाला बसले. लेल्यांची सूचना साधी होती: विचार आत उपजत नाहीत, बाहेरून येतात, येताना पाहा आणि आत शिरू देऊ नका. तीन दिवसांत मन पूर्ण शांत झालं. पुढचा भाग मात्र अनपेक्षित होता. लेले भक्तिमार्गी, त्यांना सगुण ईश्वराचा अनुभव अभिप्रेत होता. अरविंदांना आला तो निर्गुण ब्रह्माचा, ज्यात सारं जग पडद्यावरच्या चित्रांसारखं पोकळ दिसत होतं. गुरूला नको होता आणि शिष्याच्या स्वतःच्या कल्पनांतही बसत नव्हता, तरी तो आला. ज्याला वाटतं की ध्यानात माणसाला आधी ऐकलेलंच दिसतं, त्यानं ही घटना विचारात घ्यावी.

अरविंद तिथं थांबले नाहीत. 1914 पासून 'आर्य' मासिकात त्यांनी जे तत्त्वज्ञान मांडलं त्यात जग मिथ्या नाही. जडातून प्राण, प्राणातून मन, आणि मनाच्या वर अतिमानसापर्यंत, म्हणजे मनापलीकडच्या जाणिवेपर्यंत, चैतन्याची चढण चालू आहे. जुन्या युगकल्पनेत कृतयुगाकडून कलीकडे उतार आहे आणि सुटका म्हणजे फेऱ्यातून बाहेर पडणं. अरविंदांच्या विश्वात बाण वर जातो आणि काम इथंच, या देहात आणि समाजात करायचं असतं. संसार, नोकरी, देशकार्य सोडून जायला ज्याचं मन घेत नाही त्याला ही मांडणी जवळची वाटते. तिची कमजोर बाजू अशी की पुढच्या पायरीचं, अतिमानसाचं, वर्णन एका व्यक्तीच्या अनुभवावर फार अवलंबून आहे. उपनिषदांच्या मागे जशी शेकडो वर्षांच्या साधकांची साक्ष आहे, तशी ती इथं अजून नाही.

दुसरं उदाहरण स्वामी कुवलयानंदांचं. मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, जन्म 1883, डभोईचा. बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांच्या तालमीत शरीर घडलं आणि नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग शिकले. 1920 च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात उपकरणं घेऊन योगक्रियांवर प्रयोग सुरू केले, आणि 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून 'योगमीमांसा' हे त्रैमासिक चालू केलं. बस्ती, म्हणजे पाण्यानं आतडं धुण्याची योगक्रिया, करताना आतड्यात पाणी आपोआप वर कसं चढतं, याला जुनं उत्तर होतं वायूचं. त्यांनी नौली, म्हणजे पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया, चालू असताना आतड्यातला दाब पाऱ्याच्या नळीवर मोजला. तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जात होता. नौलीतून निर्माण होणाऱ्या या पोकळीला त्यांनी गुरूचं नाव दिलं: माधवदास व्हॅक्यूम. गुरूची विद्या मोजली, आणि मोजून जे निघालं ते गुरूलाच वाहिलं. जुन्या-नव्याचं नातं असं असावं.

त्याच धाग्यावर पुढे 1961 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये आनंद, छीना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मेंदूलहरी नोंदल्या. समाधीत असताना प्रकाश किंवा आवाज यांनीही मेंदूची अल्फा लय, म्हणजे शांत जागेपणी दिसणारी लहर, मोडत नव्हती, आणि गार पाण्यात हात बुडवून बसणाऱ्या दोन योग्यांतही ती टिकून राहिली. अलीकडच्या स्कॅनमध्ये दिसतं की मुरलेल्या साधकांच्या मेंदूत 'मी-माझं' या चाळ्याशी जोडलेलं जाळं ध्यानात मंदावतं. यावरून ध्यानानं काहीतरी खरोखर घडतं एवढं ठाम म्हणता येतं. ब्रह्म सिद्ध झालं असं म्हणता येत नाही, आणि नाहीच असंही म्हणता येत नाही. मेंदूत काय हलतं हे यंत्र सांगतं. त्या हलण्याला जाणीव का असते, हा प्रश्न तत्त्वज्ञांच्या टेबलावर अजून उघडा आहे.

दुसरा प्रकार: नवं, पण जुन्याच्या नावानं

इथं मी कडक आहे, कारण फसगत इथंच होते. मंगळ बाजारात सात चक्रांचा तक्ता मिळतो: मूलाधार लाल, मग नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, आणि डोक्यावर जांभळा. इंद्रधनुष्य बरोबर क्रमानं. आता पूर्णानंद या तांत्रिक आचार्यांचा चक्रांवरचा संस्कृत ग्रंथ 'षट्चक्रनिरूपण' उघडा, 1577 चा. त्यात मणिपूर पावसाळी ढगासारखं काळसर आहे, तक्त्यात पिवळं. अनाहत बंधुकाच्या फुलासारखं लाल आहे, तक्त्यात हिरवं. आज्ञाचक्र चंद्रासारखं पांढरं. बौद्ध हेवज्रतंत्रात तर चक्रं चारच. जुन्या साधनेत चक्र म्हणजे देवता, बीजाक्षर, पाकळ्या असं मनात रचून ध्यान करण्याची जागा होती, आणि परंपरेगणिक ती रचना बदलत असे. 1919 मध्ये जॉन वुड्रॉफ या इंग्रज न्यायाधीशांनी 'षट्चक्रनिरूपणा'चं इंग्रजी भाषांतर केलं, 1875 मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्येच्या संस्थेतल्या मंडळींनी सूक्ष्म देहांच्या आणि सात पातळ्यांच्या कल्पना त्यात मिसळल्या, आणि इंद्रधनुष्याचे रंग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत पक्के झाले. मग तोच तक्ता 'पाच हजार वर्षांपूर्वीचा' म्हणून आपल्याकडे परत आला.

कुणाला त्या रंगांवर ध्यान करून शांत वाटत असेल तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती वय खोटं सांगण्याला, आणि त्या जोरावर पैसे घेण्याला. तसंच 'विश्वाला सांगा, विश्व देईल' या शिकवणीचं. कर्मसिद्धांतात माणूस आपल्या कृतीला बांधलेला आहे आणि गीता फळावरचा हक्क सोडायला सांगते. इथं नेमकी फळाचीच मागणी लावायची असते. याला जुन्याचं आधुनिक रूप म्हणणं मला पटत नाही. हा उलट दिशेचा रस्ता आहे. आणि त्याचा एक क्रूर भाग असा की आजारी माणसाला शेवटी सांगितलं जातं, तुझ्याच विचारांची कंपनं कमी पडली.

मग कुणी कुठे जावं

विश्व किती मोठं, कधी सुरू झालं, तारे कसे मरतात, हे कुतूहल असेल तर खगोलशास्त्र वाचा, नातवंडांना घेऊन तारांगणात जा, आणि त्यासाठी पुराणांची साक्ष काढू नका. मन ताळ्यावर नाही, झोप लागत नाही, रक्तदाब वाढलाय, ही खरी अडचण असेल तर आसन-प्राणायाम नीट शिकवणारा वर्ग धरा, जिथं शिकवणारा तुमच्या औषधांची चौकशी करतो. ज्यांना नैराश्याचा किंवा भासांचा त्रास होऊन गेला आहे त्यांनी लांबलचक मौनशिबिराला जाण्याआधी डॉक्टरांशी बोलावंच; तीव्र ध्यान सगळ्यांना सोसतं असं नाही.

'मी कोण' हा प्रश्न खरोखर टोचत असेल, तर माझं मत स्पष्टपणे जुन्या वाटेकडे झुकतं. पण ग्रंथ थेट हातात घ्यावा. आधी तैत्तिरीयाची भृगुवल्ली, मग कठोपनिषदातला नचिकेता, मग मांडूक्य. ज्यांना मराठीतून आत शिरायचंय त्यांनी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय, आणि जमलं तर अमृतानुभव. संसारातून मन उठत नसेल तर सोबत अरविंद वाचावेत. रोज ठरलेल्या वेळी थोडं बसावं. भृगूला जे काम सांगितलं गेलं ते नुसतं वाचण्याचं नव्हतं.

नवीन कुठल्याही वर्गाला पहिल्यांदा गेलात की तीन गोष्टी विचारा. हे कुठल्या ग्रंथात आहे, तो कधीचा? मला हा अनुभव आला नाही तर तुम्ही काय म्हणाल? आणि फी भरल्यावर मध्येच सोडलं तर? पहिल्या प्रश्नावर राग येणाऱ्या ठिकाणी दुसरा विचारायची गरज पडत नाही. दुसऱ्यावर 'परत बसा, परत पाहा' असं उत्तर मिळालं तर वरुणानंही तेच दिलं होतं, तिथं काही दिवस जाऊन पाहायला हरकत नाही.